दोन काट्यांचा हिशेब
दाब व प्रवाह यांवरून रोध आणि शक्ती कशी काढावी

पंचगंगेच्या काठचे कसबा बावडा आज कोल्हापूर शहराचाच एक भाग झालेले असले, तरी येथील शेतकऱ्याचे चित्त अद्याप नदीकाठच्या मळीच्या रानातच गुंतलेले आहे. १९३२ साली येथे कोल्हापूर शुगर मिल्स हा कारखाना निघाला. पुढे तोच छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना झाला. राजाराम बंधाऱ्याने अडविलेले पाणी, काळीभोर जमीन आणि जवळचा कारखाना असा त्रिवेणी योग लाभल्यामुळे ऊस हे येथील मुख्य पीक ठरले. पूर्वी जे पाणी बैलांच्या मोटेने वर येत असे, ते आता विजेच्या मोटारीने येते. मोट ओढणारा बैल थकला म्हणजे शेतकऱ्यास ते त्याच्या चालीवरून कळत असे. विजेची मोटार थकली तर तीही सांगते. परंतु तिची भाषा निराळी आहे. ती भाषा पेटीवरील दोन काट्यांची होय, आणि तीच आपल्यापैकी बहुतेकांनी शिकून घेतलेली नाही.

गेल्या उन्हाळ्यात बावड्याच्या रानात एका वयस्क शेतकऱ्याची भेट झाली. त्यांची पाच अश्वशक्तीची मोटार एकाच हंगामात दोनदा जळाली होती. उसाला पाण्याची पाळी देण्याची वेळ, आणि मोटार वाइंडिंगच्या दुकानात! दोन्ही वेळा मिळून पाळी अठरा दिवस लांबली आणि लागणीचा ऊस डोळ्यांदेखत सुकला.

"साहेब, वाइंडिंगवाला नुसती तार भरतोय आणि पैसे घेतोय. दोष मोटारीचा का त्याचा, ते तुम्हीच सांगा," असे ते म्हणाले.

"आबा, दोष कोणाचा ते मागाहून ठरवू. आधी पेटीवरचे दोन काटे काय म्हणतात ते पाहू," असे मी सुचविले.

"ते काटे व्हय? ते नुसते हलत्यात!"

ते काटे नुसते हलत नव्हते. मोटार का जळाली याचे उत्तर ते रोज सांगत होते. ते उत्तर वाचण्यास लागणारे गणित गुणाकार-भागाकारापलीकडचे नाही. प्रत्येक शेतकरी बंधूस ते करता यावे आणि ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी ते समजावून द्यावे, या हेतूने ही माहिती येथे दिली आहे.

दाब, प्रवाह आणि रोध

पेटीवरील एक काटा व्होल्ट दाखवितो, दुसरा अँपिअर. नव्या पेट्यांवर काट्यांऐवजी आकडे उमटतात, अर्थ तोच. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब आणि अँपिअर म्हणजे विजेचा प्रवाह. पाण्याच्या उदाहरणाने हे चांगले ध्यानात येते. टाकी जितकी उंच, तितका नळाच्या तोटीशी पाण्याला जोर अधिक; हा झाला दाब. दर सेकंदाला तोटीतून जितके पाणी पडते तो झाला प्रवाह. टाकीची उंची तीच ठेवून नळ अरुंद किंवा लांब केला, तर पाणी कमी पडते. कारण नळ पाण्याला अडवितो. तारही विजेला अशीच अडविते. या अडवणुकीस रोध म्हणतात व तो ओहम या मापाने मोजतात. तार जितकी लांब तितका रोध अधिक. तार जितकी जाड तितका रोध कमी. त्याच लांबीची व जाडीची तार तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची असेल, तर तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपटीहून अधिक भरतो.

गेओर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने दाब, प्रवाह व रोध यांचा संबंध १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला. त्याचेच नाव या मापास दिले आहे. त्याचा नियम असा:

रोध = दाब ÷ प्रवाह

यावरूनच उलट दोन रूपे निघतात: प्रवाह = दाब ÷ रोध, आणि दाब = प्रवाह × रोध. तिन्हींपैकी कोणत्याही दोन गोष्टी ठाऊक असल्या की तिसरी काढता येते.

वीज किती काम करीत आहे, हे शक्तीवरून कळते. शक्ती वॅट या मापाने मोजतात.

शक्ती = दाब × प्रवाह

दाबाच्या जागी प्रवाह × रोध घातले, म्हणजे याच नियमाचे आणखी एक रूप मिळते:

शक्ती = प्रवाह × प्रवाह × रोध

हे तिसरे सूत्र शेतकऱ्याने विशेष लक्षात ठेवावे. तारेत जी वीज उष्णता होऊन फुकट जाते, ती याच सूत्राने काढतात. त्यात प्रवाह दोनदा येतो. म्हणून प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट न होता चौपट होते.

एक हजार वॅट शक्ती एक तास वापरली म्हणजे एक युनिट वीज खर्ची पडते. ७४६ वॅट म्हणजे एक अश्वशक्ती.

घरातील शेगडीवर एक उदाहरण

विजेची शेगडी २३० व्होल्ट दाबावर ४.३५ अँपिअर प्रवाह घेते असे समजा. तिची शक्ती २३० × ४.३५ म्हणजे सुमारे १००० वॅट होईल. तिच्या वेटोळ्याचा रोध २३० ÷ ४.३५ म्हणजे सुमारे ५३ ओहम होईल. एक तास शेगडी चालली की एक युनिट वीज खर्च झाली.

आता दाब उतरून १८० व्होल्ट झाला. वेटोळ्याचा रोध फारसा बदलत नाही. म्हणून प्रवाह १८० ÷ ५३ म्हणजे ३.४ अँपिअर होईल आणि शक्ती १८० × ३.४ म्हणजे सुमारे ६१२ वॅट इतकीच उरेल. शेगडी मंद तापेल, भात उशिरा शिजेल, पण शेगडीला इजा होणार नाही.

शेगडीवरून शेतकरी असा समज करून घेतो की, दाब कमी झाला म्हणजे सर्वच कमी होते. मोटार थोडी हळू चालेल, एवढेच. या समजानेच अनेक मोटारी जळतात. मोटारीचे वर्तन शेगडीच्या उलट असते.

मोटारीचा हिशेब

शेतीची मोटार बहुधा तीन फेजवर चालते. तिची शक्ती काढताना वरील गुणाकारास आणखी दोन आकड्यांनी गुणावे लागते. पहिला १.७३२, हा तीन फेजचा आकडा आहे. दुसरा शक्तिगुणक, ज्यास वायरमन पॉवर फॅक्टर म्हणतात. मोटार जो प्रवाह ओढते तो सर्वच कामी येत नाही, काही भाग नुसताच ये-जा करतो. कामी येणारा हिस्सा किती, हे शक्तिगुणक सांगतो. पूर्ण भारावरील लहान मोटारीत तो साधारणपणे ०.८ च्या आसपास असतो.

आबांच्या मोटारीच्या पाटीवर ५ अश्वशक्ती, ४१५ व्होल्ट, ८ अँपिअर असे आकडे कोरलेले होते. त्यावरून:

१.७३२ × ४१५ × ८ × ०.८ = सुमारे ४६०० वॅट

ही मोटारीने घेतलेली शक्ती. तिने दांड्यावर दिलेली शक्ती ५ × ७४६ म्हणजे ३७३० वॅट. मधला सुमारे ८७० वॅटचा फरक मोटारीतच, मुख्यतः उष्णतेच्या रूपाने, खर्च होतो. ही उष्णता बाहेर टाकता येईल अशा बेतानेच मोटार बांधलेली असते. मात्र तिला मर्यादा असते, आणि पाटीवरील ८ अँपिअर ही ती मर्यादा होय.

येथे एक चूक टाळावी. चालत्या मोटारीचे व्होल्ट भागिले अँपिअर केले, म्हणजे तिच्या वेटोळ्याचा रोध निघत नाही. ४१५ ÷ ८ केल्यास सुमारे ५२ येतात. प्रत्यक्षात अशा मोटारीच्या वेटोळ्याचा रोध अवघा काही ओहम भरतो. फिरणारी मोटार स्वतःच उलट दाब निर्माण करून येणाऱ्या विजेला थोपविते. म्हणूनच पंपात गाळ अडकून मोटार फिरेनाशी झाली, की हा उलट दाब नाहीसा होतो, प्रवाह पाटीवरील आकड्याच्या पाच-सहा पट चढतो आणि थोड्याच वेळात वेटोळे जळते. वेटोळ्याचा रोध मोजावयाचा असेल तर वीज तोडून व जोडण्या सोडून मल्टिमीटरने मोजावा. तिन्ही वेटोळ्यांचे आकडे सारखे यावेत. एखादे निराळे आले, तर त्यात दोष आहे असे समजावे. रिवाइंडिंग करून आणलेली मोटार घरी नेण्यापूर्वी ही परीक्षा दुकानातच मागून घ्यावी.

दाब उतरला तर प्रवाह का चढतो?

पंपाला नदीचे पाणी ठराविक उंचीवर चढवावयाचे असते. दाब उतरला तरी पाण्याची चढण उतरत नाही. मोटारीला जवळपास तेवढेच काम करावे लागते. शक्ती जवळपास तेवढीच हवी आणि दाब कमी मिळतो. तेव्हा गुणाकार जुळण्यासाठी प्रवाह चढलाच पाहिजे. अर्धपोटी बैलाकडून तेवढीच मोट ओढवून घ्यावी, तसा हा प्रकार आहे. बैल बसकण मारून आपला जीव वाचवितो; मोटार ओढतच राहते आणि जळते.

समजा, पूर्ण भारावर ४१५ व्होल्टला ८ अँपिअर घेणाऱ्या मोटारीस ३४० व्होल्टच मिळाले. ८ × ४१५ ÷ ३४० असा हिशेब केला की सुमारे ९.८ अँपिअर येतात. वेटोळ्यातील उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणजे ती सुमारे दीडपट होते. दाब पाचव्या हिश्श्याहूनही कमी उतरला, पण वेटोळ्याची उष्णता निम्म्याने वाढली. मोटार बाहेरून चालत असते, पाणीही येत असते. आत तारेवरील रोगण मात्र हळूहळू करपत असते, आणि एके रात्री ते साथ सोडते.

बावड्याच्या रानातील तीनशे मीटर

आता आबांच्या मोटारीकडे वळू. नदीकाठच्या गावाची एक अडचण असते. मोटार पाण्याजवळ ठेवावी लागते आणि पेटी पुराच्या रेषेच्या वर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ५५ फुटांपलीकडे गेली होती. तेथील धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०२१ च्या पुरानंतर आबांनी पेटी उंचावर नेली, हे शहाणपणाचे केले. परंतु जुनी केबल गाळात खराब झाली होती. तिच्या जागी त्यांनी हाताशी मिळाली ती २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली. पेटीपासून मोटारीपर्यंतचे अंतर भरले तीनशे मीटर.

सायंकाळी आसपासच्या सर्व मोटारी चालू असताना परवानाधारक वायरमनकडून मोजणी करविली. पेटीवर दाब ३७० व्होल्ट होता, प्रवाह ९ अँपिअर. त्याच वेळी मोटारीच्या टोकाशी दाब भरला ३४२ व्होल्ट. अठ्ठावीस व्होल्ट वाटेतच गेले होते.

ते कोठे गेले, हे कागदावर ताडून पाहू. या जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध दर हजार मीटरला सुमारे ७.५ ओहम असतो. म्हणून तीनशे मीटरला:

७.५ × ०.३ = २.२५ ओहम

एका तारेतील दाबाची घट म्हणजे प्रवाह × रोध:

९ × २.२५ = सुमारे २० व्होल्ट

तीन फेजचा १.७३२ आणि शक्तिगुणक ०.८ यांनी गुणले की घट येते सुमारे २८ व्होल्ट. मोजलेला आकडा आणि काढलेला आकडा जुळले.

आता तारेत फुकट गेलेली शक्ती पाहू. एका तारेत ९ × ९ × २.२५ म्हणजे सुमारे १८२ वॅट. तीन तारांत मिळून सुमारे ५४७ वॅट. म्हणजे पाऊण अश्वशक्तीच्या जवळपास शक्ती पाणी उपसण्याऐवजी केबल तापविण्यात जात होती. पेटीतून निघालेल्या विजेचा हा सुमारे नववा हिस्सा होता. आबा गप्प राहून वहीवरचे आकडे पाहत होते. मग म्हणाले, "म्हणजे मोटारीच्या अगोदर ताराच पाणी प्यायल्या म्हणायच्या!"

याच जागी ६ चौरस मिलिमीटरची केबल असती, तर तिचा रोध दर हजार मीटरला सुमारे ३.१ ओहम, म्हणून तीनशे मीटरला ०.९३ ओहम इतकाच भरला असता. दाबाची घट २८ ऐवजी सुमारे ११ व्होल्ट झाली असती आणि मोटारीला ३४२ ऐवजी ३५९ व्होल्ट मिळाले असते. प्रवाह ९ वरून सुमारे ८.६ वर आला असता आणि तारेतील नुकसान ५४७ वॅटवरून सुमारे २०६ वॅटवर. दिवसाला आठ तास मोटार चालली, तर रोज पावणेतीन युनिटांच्या आसपास बचत. शंभर दिवसांत सुमारे २७० युनिट.

येथे कोणी विचारील की, २०२४ साली राज्य शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांसाठी मोफत विजेची योजना आणली. मग युनिट वाचवून काय लाभ? त्यास उत्तर असे की, वीज मोफत मिळाली तरी जळालेले वेटोळे मोफत भरून मिळत नाही, चुकलेली पाण्याची पाळी परत येत नाही. शिवाय एकाच डी.पी.वरील प्रत्येक मोटारीच्या तारेत जी शक्ती वाया जाते, तिचा भार त्या डी.पी.वरच पडतो आणि सर्वांचाच दाब आणखी उतरतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जाड केबलने सर्वच साधत नाही. पेटीवर ३७० व्होल्ट असताना प्रवाह ८.६ च्या खाली येत नाही, आणि मोटारीची मर्यादा ८ ची आहे. परंतु पेटीवर ३९० व्होल्ट असतील, तर जाड केबलमधून मोटारीस सुमारे ३७९ व्होल्ट मिळतात आणि प्रवाह ८ अँपिअरच्या घरात येतो. म्हणून नवी केबल टाकल्यावर आबांनी पेटीवर खडूने ३९० हा आकडा लिहून ठेवला. काटा त्याच्या खाली असेल तर मोटार लावावयाची नाही. पाळी रात्री उशिरा किंवा पहाटे, दाब सावरल्यावर द्यावयाची. हा आकडा त्यांच्या केबलचा व त्यांच्या मोटारीचा आहे. प्रत्येकाने आपापला आकडा याच रीतीने काढावा.

पेटी तपासताना आणखी एक दोष आढळला. अधिक प्रवाहावर मोटार आपोआप बंद पाडणारा रिले ८ ऐवजी १२ अँपिअरवर लावलेला होता. "मोटार सारखी बंद पडायची, म्हणून वाढवून घेतला," असे आबांनी सांगितले. रिले मोटारीचा राखणदार आहे. तो वारंवार ओरडतो म्हणून त्याचे तोंड बांधले, तर चोरी झाल्यावर दोष कोणास द्यावा? रिले पाटीवरील आकड्याइतकाच ठेवावा आणि तो का सुटतो याचे कारण शोधावे.

ग्राहकाने मोटारीजवळ योग्य मापाचा कॅपॅसिटर बसविला, तर केबलमधील व डी.पी.वरील प्रवाह कमी होतो आणि तारेतील नुकसान घटते. परंतु मोटारीच्या वेटोळ्यातील प्रवाह त्याने कमी होत नाही. म्हणून कॅपॅसिटर आहे एवढ्यावर कमी दाबात मोटार चालवू नये.

सैल सांधा

आबांच्या केबलला तीन सांधे होते. त्यांतील एक हातास गरम लागेल असा झाल्याचे वायरमनने वीज तोडल्यानंतर दाखविले. सैल किंवा गंजलेल्या सांध्याचा रोध अर्धा ओहम जरी झाला, तरी ९ अँपिअर प्रवाहात ९ × ९ × ०.५ म्हणजे सुमारे ४० वॅट उष्णता त्या बोटभर जागेत निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाराचे लहान सोल्डरिंग आयर्न एवढ्याच शक्तीचे असते. त्याने कथील वितळते, तर केबलचे आवरण कसे टिकावे? आवरण वितळून एक तार तुटली, म्हणजे मोटार दोनच फेजवर ओढू लागते. तेव्हा उरलेल्या तारांतील प्रवाह सुमारे पावणेदोन पट होतो व उष्णता तिप्पट. म्हणून शक्यतो केबल सलग टाकावी, सांधा टाळता न आल्यास योग्य लग दाबून पक्का करवून घ्यावा आणि तांबे व ॲल्युमिनियम एकमेकांस नुसते पिळून जोडू नये.

पूर ओसरल्यानंतर

पुरात बुडालेली मोटार वरून वाळली की घाईने सुरू करण्याची चूक अनेक जण करतात. वेटोळे आणि मोटारीचे लोखंडी कवच यांमधील आवरणाचा रोध फार मोठा असावा लागतो. तो मेगर नावाच्या उपकरणाने मोजतात. येथेही नियम तोच. मेगरने ५०० व्होल्ट दाब दिला आणि अर्धा मिलिअँपिअर, म्हणजे ०.०००५ अँपिअर प्रवाह गळला, तर रोध ५०० ÷ ०.०००५ म्हणजे दहा लाख ओहम झाला. यासच एक मेगाओहम म्हणतात. याहून कमी आकडा आल्यास मोटारीस वीज मुळीच जोडू नये. ती उघडून, गाळ स्वच्छ पाण्याने धुऊन, वेटोळे नीट सुकवून पुन्हा मोजणी करावी. आकडा एक मेगाओहमच्या पुष्कळ वर चढून स्थिर झाला म्हणजे मगच मोटार जोडावी.

अर्थिंगचा हिशेब

मोटारीचे नुकसान भरून निघते. माणसाचे निघत नाही. म्हणून हा शेवटचा हिशेब प्रत्येक घरात सांगावा.

एखाद्या फेजची तार मोटारीच्या कवचास लागली असे समजा. कवचावर २३० व्होल्ट दाब आला. अर्थिंगचा रोध ५ ओहम असेल, तर जमिनीत २३० ÷ ५ म्हणजे ४६ अँपिअर प्रवाह जातो. १५ अँपिअरचा फ्यूज तत्काळ वितळतो आणि वीज तुटते. परंतु खड्डा कोरडा पडून हा रोध ६० ओहम झाला असेल, तर प्रवाह सुमारे ३.८ अँपिअरच होतो. फ्यूज वितळत नाही, आणि कवच जिवंत राहते. डी.पी.च्या बाजूचा रोध या हिशेबात धरलेला नाही; तो धरल्यास प्रवाह आणखी कमी भरतो.

अशा मोटारीस ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर उभे राहून कोणी स्पर्श केला, तर ओल्या शरीराचा रोध सुमारे १००० ओहम धरून त्याच्या अंगातून २३० ÷ १००० म्हणजे ०.२३ अँपिअर प्रवाह जाईल. अँपिअरच्या काट्यावर तो दिसणारही नाही. परंतु ०.०३ अँपिअरपासूनच जिवास धोका संभवतो, आणि हा त्याच्या सातपटीहून अधिक आहे. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे, पट्टी गंजली नाही ना हे पाहावे, फ्यूजच्या जागी जाड तार कधीही घालू नये, आणि गळती होताच वीज तोडणारे साधन पेटीत बसवून घ्यावे.

एक वही ठेवावी

पिकाचा खर्च आपण वहीत लिहितो, तसाच मोटारीचाही हिशेब लिहावा. वहीच्या पहिल्या पानावर मोटारीच्या पाटीवरील आकडे, केबलची जाडी व लांबी आणि त्यावरून काढलेला रोध लिहावा. पुढील पानांवर दर आठवड्यास तारीख, वेळ, तिन्ही फेजमधील दाब आणि तिन्ही फेजचा प्रवाह लिहावा. तिन्ही प्रवाह जवळपास सारखे असावेत. दाब तोच असून प्रवाह आठवड्या-आठवड्याने चढत असेल, तर पंपात किंवा बेअरिंगमध्ये बिघाड सुरू झाला आहे असे समजावे. दाब तोच असून प्रवाह एकाएकी फार उतरला, तर पंप पाणी सोडून हवा ओढत असण्याचा संभव आहे, फूटव्हॉल्व्ह तपासावा.

शेतकरी बंधूंनी पेटीवरील काटे वाचावेत. पेटी उघडून किंवा मोटारीच्या टोकाशी मोजणी करण्याचे काम मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावे. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी एका डी.पी.वरील सर्व शेतकऱ्यांना एका सायंकाळी एकत्र बोलवावे, एका पेटीवरील आकडे फळ्यावर लिहावेत आणि वरील हिशेब त्यांच्याकडूनच करवून घ्यावा. स्वतःच्या केबलमध्ये किती वॅट जातात, हे शेतकऱ्याने एकदा स्वतःच्या हाताने काढले की त्यास दुसरा उपदेश करावा लागत नाही.

आबांची मोटार नव्या केबलवर एक पूर्ण हंगाम चालली. त्यांनी वही ठेवली आहे. परवा गेलो तेव्हा शेजारचा तरुण शेतकरी त्यांच्याकडे केबल किती जाड घ्यावी हे विचारण्यास आला होता. आबा त्यास म्हणाले, "आधी तुझं अंतर सांग, मग पाटीवरचे अँपिअर सांग. बाकीचं आपण गुणून काढू."